वैशालीचे तास

वैशाली, तू गेलीस त्या दिवशी दुपारी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. सूचनाफलकावर दोन ओळी लावायच्या होत्या, आणि मी मराठी शिकवते म्हणून असल्या ओळी दर वेळी माझ्याच वाट्याला येतात. 'आपल्या महाविद्यालयात कार्यरत असलेल्या' एवढं लिहून झालं आणि बाजूला उभे असलेले ऑफिसातले बडेबाबू हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, कार्यरत नाही लिहिता येणार. त्यांची नेमणुकीची ऑर्डर दिवाळीलाच संपली होती."

चूक त्यांची नव्हती. ते खरंच सांगत होते. पण 'माजी' लिहायला माझा हात धजेना. इतकी वर्षं तू त्याच जिन्यानं वर चढलीस, त्याच खोलीत शिकवलंस, आणि तुला माजी म्हणायचं तर आजी तू कधी होतीस ते मला आधी ठरवावं लागलं असतं. शेवटी मी एवढंच लिहिलं, 'अर्थशास्त्राच्या वैशाली मॅडम आज गेल्या.' बडेबाबूंनी वाचलं आणि कागद सहीला नेला.

कॉलेजचं माणूस गेलं की दुपारनंतर सुट्टी देतात, तुला माहीत आहे. तुझ्यासाठी ती देता आली नाही. आम्ही स्टाफरूममध्ये दोन मिनिटं उभे राहिलो, आणि मग घंटा झाली तसे आपापल्या वर्गांवर गेलो. मी त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मला वाटलं होतं, ही पोरगी फार दिवस टिकायची नाही. मुकुटबनहून बसनं वणीला आली होतीस, खांद्याला कापडी पिशवी. बाहेर रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांनी धूळ उडवलेली, आणि तू स्टाफरूमच्या दारात ओढणीनं तोंड पुसत उभी. कुठं बसायचं म्हणून विचारलंस. तिथल्या खुर्च्या कायम माणसांच्या होत्या, कोणी तसं म्हणत नसलं तरी. मी माझ्या बाजूचं स्टूल सरकवलं. पुढं कितीतरी दिवस तू त्याच स्टुलावर बसलीस आणि मग एक दिवस म्हणालीस, "ताई, या स्टुलाले पाठ नाही. आपल्या नोकरीसारखं हाये." आणि स्वतःच हसलीस. मीही हसले. तेव्हा ते नुसतं हसण्यासारखंच वाटलं होतं.

माझ्या घरी सगळ्यांच्या नोकऱ्या कायमच्या. वडील तहसील कचेरीत, काका पोस्टात, थोरली बहीण शाळेत. निवृत्तीची तारीख आमच्याकडे वाढदिवसासारखी पाठ असायची. त्यामुळे तासावर शिकवणं म्हणजे काय, हे मला तुझ्याकडून कळलं. जितके तास घेतले तितक्यांचाच पगार. दिवाळीला नाही, उन्हाळ्यात नाही, ताप आला तर नाही. आणि दर जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, त्याच कामासाठी, त्याच माणसांसमोर. "नाव काय?" म्हणून विचारतात का गं, असं मी एकदा गमतीनं विचारलं होतं. "विचारतात ना," तू म्हणालीस. "आन मी सांगतो बी. न सांगून करता काय?"

तुझा तो एक तास मात्र मी कधी विसरणार नाही. माझा तो तास मोकळा होता म्हणून मी तुझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले होते. तू श्रमाच्या बाजाराचा धडा शिकवत होतीस. पुस्तकात इंग्रजीवरून उचललेला 'अनिश्चित रोजगार' असा शब्द होता. तो तू फळ्यावर लिहिलास, पुसलास, आणि मुलांना विचारलंस, "ज्यांच्या घरी कामाले जाणाऱ्या माणसाले उद्याचं काम आजच माहीत असते, त्यांनी हात वर करा."

थोडेच हात वर झाले. मग तू एकेकाला उभं केलंस. एकाचे वडील कोळशाचा ट्रक चालवायचे, तो म्हणाला, "फोन आला तं जातात." एका मुलीची आई कापूस वेचायला जायची. झरीकडच्या एका मुलाचा भाऊ खाणीवर पहारेकरी होता. तो म्हणाला, "मॅडम, ठेकेदार बदलते पण माया भाऊ तोच राह्यते. फक्त शर्टावरचं नाव बदलते." वर्ग हसला. तू नाही हसलीस. तू म्हणालीस, "हेच लिहून घ्या. काम कायमचं हाये, माणूस तात्पुरता हाये. व्याख्या झाली."

मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमचं काम पक्कं हाये का?"

मीच मागं बसून अवघडले. तू खडू टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "नाही. मी बी यातच हावो. तासावर हावो. तुम्ही हे शिकून राह्यले आन मी हे जगून राह्यली." आणि धडा पुढं चालू केलास.

बाहेर आल्यावर आपलं वाजलं. मी म्हणाले, मुलांना हे सांगायची काय गरज होती? उद्या मान देणार नाहीत. तू म्हणालीस, "ताई, त्या पोट्ट्यायच्या बापाले मान नाही का मंग?" मी विषय शब्दावर नेला. आपली खरी भांडणं शब्दांवरूनच व्हायची. मी म्हटलं, 'अस्थिर' चांगला शब्द आहे. तू म्हणालीस, अस्थिर तर वारापण असतो. 'असुरक्षित' म्हटलं तर तुला तो पोलिसी वाटला. तुला लोकांच्या तोंडातला शब्द हवा होता, आणि लोक म्हणतात, कच्ची नोकरी. मी म्हणाले, 'कच्चं' चुकीचं आहे. कच्चं म्हणजे जे अजून पिकायचं आहे. त्यात आज ना उद्या पिकेल ही आशा आहे, आणि तुझी नोकरी तर पिकणारीच नाही.

तू रस्त्यातच थांबलीस. "ताई, तेच तं," तू म्हणालीस. "त्या आशेवरच तं हे सगळं चालू हाये. आशा नसती तं पुढच्या जूनमध्ये कोण आलं असतं?"

हे भांडण आपण संपवलं नाही. संपवायची घाईही नव्हती.

दुसरं भांडण मात्र कडू होतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात तुझ्या विषयाची कायम जागा निघाली होती. निरोप आला की निवड होईल, फक्त संस्थेला 'मदत' करावी लागेल. तुझे बाबा रस्त्यालगतचं वावर विकायला तयार झाले. तू नाही म्हणालीस. ते वणीला येऊन माझ्या घरी बसले, चहाला हात लावला नाही. म्हणाले, "मॅडम, तुम्ही समजवा तिले. माह्या मनानं देऊन राह्यलो. तिनं मांगतलं नाही." मी तुला समजावलं. खरं सांगू, आजही मी म्हणते की तू ती जागा घ्यायला हवी होतीस. सगळे घेतात. घेतली असतीस तर रजा मिळाली असती, दवाखान्याचं बिल मिळालं असतं, पहिली गाठ हाताला लागली त्याच दिवशी तू गाडीत बसून नागपूरला गेली असतीस. तू म्हणाली होतीस, "वावर इकून मास्तरीण झाली तं मी पोट्ट्यायले काय शिकवू, ताई? कोणत्या तोंडानं?" मला तुझं ते तोंड जिवंत हवं होतं. एवढंच माझं म्हणणं होतं, आणि तू असतीस तर पुन्हा म्हणाले असते.

आणि तुला बघायला आलेले ते पाहुणे आठवतात का? मुलगा खाणीवर ठेकेदाराकडे सुपरवायझर. तुम्हाला दोघांना बोलायला म्हणून ओसरीवर बसवलं आणि आत आम्हाला तुमचं हसणं ऐकू येत राहिलं. त्याची ऑर्डर मार्चमध्ये संपायची, तुझी एप्रिलमध्ये. त्यावरून हसत होतात. तुला तो आवडला होता, तू मला सांगितलं नाहीस तरी. पण त्याच्या आईनं जाताना माझ्या कानाशी म्हटलं, "पोरगी चांगली हाये, पण दोघंही कच्चे कसं जमन? घरात एक तं पक्का पाह्यजे." त्या चुकीचं बोलल्या असं मला म्हणवत नाही. त्यानंतर त्याच्याविषयी तू बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

परीक्षा चालू असताना तू मला मुलींच्या खोलीत ओढून नेलंस आणि माझा हात धरून छातीतल्या त्या गाठीवर ठेवलास. किती दिवस झाले, मी विचारलं. "थंडीपासून हाये," तू म्हणालीस. थंडीत दुसऱ्या सत्राचे तास भरात होते. एक आठवडा दवाखान्यात गेलीस तर तेवढा पगार बुडणार, आणि आजारी आहे हे कळलं तर जूनमध्ये बोलावतील का, ही भीती. माझ्याकडून वचन घेतलंस की मुलाखत होईस्तोवर कोणाला सांगायचं नाही. मी खूप वाद घातला. पण आपल्या वादांत शेवटी तूच जिंकायचीस.

उन्हाळाभर नागपूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. केस गेले. आपल्याकडं मे-जूनमध्ये सगळ्या बाया डोक्याला ओढणी गुंडाळूनच बाहेर पडतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. "यवतमाळ जिल्ह्याचं ऊन कामी आलं, ताई," तू म्हणायचीस.

मुलाखतीला तशीच ओढणी बांधून गेलीस. बाहेरच्या कॉलेजातून आलेले एक तज्ज्ञ होते. ते सहज, अगदी प्रेमानंच म्हणाले, "मॅडम, इथं आत ऊन नाहीये. सोडा ती ओढणी." तू सोडलीस. घडी घालून मांडीवर ठेवलीस. आणि म्हणालीस, "विचारा, सर." हे तू मला नंतर सांगितलंस तेव्हा आपण तुझ्या खोलीवर भात खात होतो. मी जेवण थांबवलं. तू जेवत राहिलीस. "कोणी काहीच विचारून नाही राह्यलं," तू म्हणालीस. "मंग मीच मागणीचा नियम सांगून टाकला."

निवड झाली. पण ऑर्डर हातात आली तेव्हा तास निम्मे होते. तुमच्या तब्येतीकडे बघून कमी केले, असं सांगण्यात आलं. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, हीच तर गोष्ट आहे. पगारी रजा द्यायला नियमात जागा नव्हती, आणि तास कमी करायला होती. माणसांना तुझी दया आली, आणि ती दया तुझ्याच पगारातून कापली गेली.

तू गप्प बसली नाहीस. तासावरच्या सगळ्यांना तू एकत्र केलंस. संदीपला, जो तुझाच विषय शिकवायचा; इतिहासाच्या दोघींना; लायब्ररीतल्या तात्पुरत्या माणसालाही. प्राचार्यांकडे गेलात. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. तुझा आवाज ऐकू येत होता, शांत. तू म्हणत होतीस, "सर, आम्ही कायम करा नाही म्हणत. ते तुमच्या हातात नाही, आम्हाले माहीत हाये. माणूस आजारी पडते, एवढं फक्त मान्य करा."

प्राचार्य वाईट माणूस नाहीत. त्यांनी त्यांच्या हातात होतं ते केलं. तुझे तास परत दिले, आणि आजारपणात बुडालेले तास पुढं जादा घेऊन भरून काढायची परवानगी दिली, सगळ्यांनाच. पगार बुडणार नाही. तुम्ही पेढे वाटलेत. लायब्ररीतला तो माणूस तुझ्या पाया पडायला लागला तर तू मागं सरकून भिंतीला टेकलीस.

आणि मग तो नियम वापरायची पहिली पाळी तुझीच आली. केमोच्या इंजेक्शनानंतरचे दिवस अंथरुणात जायचे, आणि उठता आलं की तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत बुडालेले तास भरून काढायचीस. मी तुला जिन्यात मध्येच बसलेलं पाहिलंय, पुस्तक मांडीवर, डोळे मिटलेले. मी म्हटलं, सोड आता. म्हणालीस, "मीच भांडून घेतलं ना हे. मीच नाही वापरलं तं बाकीचे कसे वापरतीन?" तुझ्या त्या विजयाचा मला अभिमान वाटतो आणि त्याच विजयाचा राग येतो. दोन्ही एकदम. ते कसं वेगळं करायचं, मला कळत नाही.

दिवाळीला ऑर्डर संपली. दुसऱ्या सत्राच्या ऑर्डरीच्या वेळी तू नागपूरला होतीस, मग मुकुटबनला. तुझे तास कोणाच्याच नावावर नव्हते.

शेवटचं भेटलो ते तुमच्या अंगणात. तूर काढून झाली होती, कोपऱ्यात तुऱ्हाट्यांचा ढीग होता. तू बाजेवर उन्हाला पडली होतीस, इतकी लहान झालेली की मी आधी बाज रिकामीच समजले. मी येताना बसमध्ये ठरवून आले होते की चांगलंच बोलायचं. म्हणून म्हणाले, "बरी हो, जागा निघणार आहेत म्हणतात. या खेपेला तू कायम होशील." तू डोळे न उघडता म्हणालीस, "ताई, झोपू द्या ना आता."

हेच आपलं शेवटचं बोलणं. मी कितीदा ते मनात फिरवून पाहिलं. रागावली होतीस का? की खरंच झोप आली होती? तुझी आई म्हणाली, तू नंतर दुपारभर शांत झोपलीस. मी तेवढ्यावर समाधान मानते. मला तुला सांगायचं होतं की त्या स्टुलावर आता कोणी बसत नाही, मला एकटीनं डबा खाववत नाही, तुझ्याइतकं माझ्याशी कोणी भांडलं नाही आणि तुझ्याइतकं कोणी मला शिकवलंही नाही. हे न सांगता मी जागा निघण्याची बातमी सांगत बसले.

तू गेल्यावर आठवडाभरानं संदीप माझ्याकडे आला. तुझे तास त्याला देऊ केले होते. तो दारातच उभा राहिला. "मॅडम, घेऊ का नको?" म्हणाला. "नाही म्हणलं तर दुसऱ्याला देतील. आणि मला गरज आहे, घरी बाळ झालंय. पण तिच्या तासांवर माझं घर चालणार, हे कसं वाटते?" आणि तो रडायला लागला. तो मोठा माणूस, दाढीतून पाणी गळतंय. मी म्हटलं, घे. ती असती तर तिनंच ओढत नेलं असतं तुला वर्गात. तो गेला. मी जिन्याखाली उभी राहून ऐकलं. त्यानं हजेरी घेतली, मग म्हणाला, "मॅडमनी दिवाळीपर्यंत कुठवर शिकवलं होतं?" एकाच वेळी कितीतरी मुलांनी उत्तर दिलं.

तेरवीला मी मुकुटबनला गेले. लोक जेवून उठले, मांडव सोडायला लागले. तुझी आई माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझा हात हातात घेतला आणि इतक्या हळू विचारलं की मला वाकावं लागलं. "मॅडम, तुम्ही कॉलेजातल्या. तुमाले माहीत राह्यते. जगली असती तं यंदा पक्की झाली असती का माही पोरगी?"

तुझे बाबा समोर बसले होते. तेही माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले. "यंदा झालीच असती."

आईनं मान हलवली. बाबांनी पटक्याच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाले, "म्हणजे पोरीचंच खरं होतं. मीच वावर इकायची घाई करून राह्यलो होतो."

वैशाली, मी खोटं बोलले. तुला हे चाललं नसतं, मला माहीत आहे. तू तिथल्या तिथं मला अडवलं असतंस. पण तुझ्या बाबांच्या तोंडून तुझंच खरं होतं हे ऐकल्यावर मला ते मागं घेववलं नाही. त्या घरात तेवढं खोटं राहू दे.

खरं मी दुसरीकडं बोलेन. येत्या जूनमध्ये संदीप आणि बाकीचे पुन्हा प्राचार्यांकडे जाणार आहेत, पगारी आजारपणाची रजा मागायला. कायम माणसं अशा वेळी व्हरांड्यात उभी राहतात. या वेळी मी आत जाणार आहे.